‘स्मर्फ’ आयडी आणि न जुळलेली जोड

ऑनलाइन गेममध्ये वरच्या रँकचा खेळाडू दुसरी, कोरी आयडी काढून खालच्या रँकच्या पोरांत खेळायला उतरला, की त्याला ‘स्मर्फ’ म्हणतात. कोल्हापुरात त्याला नुसतं ‘सेकंड आयडी’ म्हणून सोडून देतात. मेन आयडीवर रँक पुश करायची, म्हणजे जिंकत वर चढवायची, आणि सेकंड आयडीवर मजा करायची, अशी वाटणीच होऊन बसली आहे आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. माझं म्हणणं असं की ही फसवणूक आहे. भिंतीपलीकडचं दाखवणारा हॅक वापरण्याइतकी ती मोठी नसेल. पण समोरच्याला अंधारात ठेवून त्याच्याकडून डाव काढून घेणं दोन्हीकडे सारखंच. आणि गणेशोत्सवात मंडळं, गॅदरिंगला कॉलेजं, एरवी कॅफेवाले ज्या स्पर्धा घेतात, तिथे ती रोखायचं काम आयोजकांचं आहे. ते कंपनीवर ढकलून भागणार नाही.

हा शब्द कुठून आला ते पाहिलं, की या सवयीमागे मुळात कारण काय होतं तेही कळतं. ‘वॉरक्राफ्ट २’ हा गेम १९९५च्या डिसेंबरात आला. इंटरनेटवरून थेट खेळायची सोय त्यात नव्हती; स्थानिक नेटवर्कवर किंवा फोनलाइनला मोडेम जोडून तो खेळला जायचा. मग ‘काली’ नावाचं एक सॉफ्टवेअर लोकांच्या हाती आलं. ते इंटरनेटवरच्या संगणकांना जणू एकाच खोलीतल्या नेटवर्कवर असल्यासारखं जोडायचं, आणि दूरदूरचे खेळाडू एकमेकांना भिडू लागले. पण तिथे जोड लावून देणारं कुणी नव्हतं. चॅटमध्ये नावं दिसायची, एखादा गेम उघडायचा, बाकीचे त्यात शिरायचे आणि समोरचं नाव भारी निघालं की मुकाट बाहेर पडायचे. श्लॉन्गलॉर आणि वॉर्प अशी टोपणनावं असलेले दोन तरबेज खेळाडू १९९६ मध्ये याच अडचणीत सापडले. त्यांची नावं दिसली की खोली रिकामी. तेव्हा त्यांनी ‘पापास्मर्फ’ आणि ‘स्मर्फेट’ अशी नवी नावं घेतली. बेल्जियन चित्रकार पेयो यांच्या, १९५८ साली पहिल्यांदा छापून आलेल्या निळ्या बुटक्या माणसांतली ही दोन पात्रं. सुरुवातीला मुद्दाम कच्चं खेळायचं, समोरच्याचा भरवसा बसू द्यायचा आणि मग उलटायचं, असा त्यांचा डाव. पुढे अनोळखी नावाचा कुणी फारच चांगला खेळू लागला की ‘हा कुणीतरी स्मर्फ असणार’ असं लोक म्हणू लागले, आणि ते नाव या सगळ्या प्रकाराला चिकटलं.

त्या काळची परिस्थिती नीट पाहिली पाहिजे. त्या दोघांना खरोखरच कुणी खेळायला मिळत नव्हतं. नाव लपवायला त्यांच्याकडे निदान सांगण्यासारखं कारण होतं. आणि समोरच्यालाही ‘नको’ म्हणायची मोकळीक होती. आज या दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या आहेत. तुम्ही कितीही वर असा, मॅचमेकिंग तुमच्यासाठी प्रतिस्पर्धी शोधून देतं. अगदी शेंड्यावर, आडवेळेला रांग लांबते हे खरं, पण मॅच लागते. नव्या खेळाडूला मात्र समोर कोण येणार हे निवडता येत नाही आणि आलेल्याला नाकारताही येत नाही. मॅच अर्धवट सोडली तर गुण कापले जातात, काही वेळ रांगेत उभं राहायलाच बंदी होते. म्हणजे स्मर्फचं कारण संपलं आणि त्याच्या समोरच्याचा नकाराचा हक्कही गेला. जुन्या काळातली गंमत म्हणून आजच्या सेकंड आयडीचं समर्थन करणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

नकाराचा हक्क म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. १९१२ पासून खासबागचं मैदान ज्या शहरात आहे, तिथे जोड लावणं ही एक विद्या आहे. मातीतल्या कुस्तीला मॅटसारखे किलोंचे गट नसतात. तरीही कमिटीची माणसं वजन, उंची, आधी कुणाशी लढला, किती मिनिटं टिकला, कुठल्या तालमीत मेहनत करतो, हे सगळं बघूनच जोड ठरवतात. पत्रकावर पैलवानाच्या नावापुढे त्याचं गाव किंवा तालीम छापतात, अमक्या वस्तादांचा पठ्ठा म्हणून लिहितात. जत्रेच्या मैदानात लहान पोरांच्या जोडी जागेवर लावतात, तेव्हाही पंच दोघांना शेजारी उभं करतात, आणि एखादा अंगाने थोराड निघाला तर समोरचा पोरगा सरळ नाही म्हणतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. महाराष्ट्र केसरीच्या तयारीतला गडी नाव बदलून रेवडी-नारळाच्या कुस्तीत उतरला, तर त्याला मैदानातून हाकलून देतील, आणि त्याच्या वस्तादाला मान खाली घालावी लागेल. गेममध्ये आयडी कोरी असल्यामुळे ना गाव दिसतं ना तालीम, म्हणून तेच वागणं चालून जातं.

‘हरला तर शिकेल की’ असं त्यावर कुणी म्हणतं. तालमीत मोठा पैलवान लहान्याला खेळवतो तेव्हा तो आपली ताकद आवरतो, डाव दोनदा दाखवतो, पट निसटला कसा ते सांगतो. समोर मोठा पैलवान आहे हे लहान्याला ठाऊक असतं. स्मर्फच्या मॅचमध्ये यातलं काहीच घडत नाही. मरणाऱ्याला आपण कुठे चुकलो हे कळत नाही, कारण बऱ्याचदा त्याच्या पातळीवर ती चूक नसतेच. समोरच्याचा नेम चारशे तासांचा आहे एवढंच कारण असतं. त्यातून तो चुकीचा धडा घेतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोट फिरवल्यावर नेम किती हलतो ते, बदलतो, बरी चाललेली बंदूक सोडतो, चांगली जागा धरून खेळणं सोडून देतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण नुकसान नेमकं कुठे होतं ते तिथे दिसतं. आजच्या बहुतेक मॅचमेकिंगच्या मुळाशी बुद्धिबळातली रेटिंगची पद्धत आहे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी ती बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने १०० डावांत सरासरी ७६ गुण मिळवावेत, ४०० चा असेल तर ९१ आणि ६०० चा असेल तर ९७, अशी ही पद्धत धरून चालते. अपेक्षेपेक्षा जितकं वेगळं घडेल तितकं रेटिंग हलतं, आणि किती हलायचं ते एका गुणकावर ठरतं. फिडेमध्ये तो नव्या खेळाडूला ४०, पुढे २० आणि २४०० ओलांडलेल्याला १० असतो.

समजा खरोखर १००० च्या ताकदीचा मुलगा आहे आणि समोर १००० चा शिक्का असलेली, पण खरी ताकद १६०० ची असलेली आयडी आली. पद्धतीला वाटतं, सामना बरोबरीचा आहे. मुलगा हरतो, गुणक २० धरला तर त्याचे १० गुण जातात. समोरच्याचं खरं रेटिंग मांडलेलं असतं तर याच पराभवात त्याचा एक गुणही पुरता गेला नसता, ०.६ च्या आसपास गेला असता. उरलेले नऊहून अधिक गुण नाहक गेले. ती सेकंड आयडी महिन्याभराने पडून राहिली, की तिच्यासोबत ते गुणही खेळातून बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्या सगळ्यांचं रेटिंग त्यांच्या ताकदीपेक्षा थोडं खाली बसतं.

उलट बाजूही आहे. नव्या पद्धती रेटिंगसोबत त्याची अनिश्चितताही मोजतात. मार्क ग्लिकमन यांच्या १९९५च्या ग्लिको पद्धतीत नवा खेळाडू १५०० वर सुरू होतो आणि त्याची अनिश्चितता ३५० धरतात. मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किलमध्ये सुरुवात २५ वर आणि अनिश्चितता त्याच्या एक तृतीयांश. अनिश्चितता मोठी असताना रेटिंग झपाट्याने हलतं, म्हणून तरबेज माणसाची कोरी आयडी थोड्याच मॅचमध्ये वर जायला लागते. तिला खाली ठेवायचं असेल तर मुद्दाम हरावं लागतं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेकंड आयडी आहे म्हणजे लगेच कुणी लबाड ठरत नाही, पण ती महिनोन्‌महिने खालीच राहिली असेल तर कुणीतरी ती खाली धरून ठेवली आहे. चार मॅच धुवाधार जिंकायच्या आणि पुढच्या तीन मॅचमध्ये सुरुवातीलाच उड्या मारून मरायचं किंवा फोन ठेवून द्यायचा, असा नमुना मॅच हिस्टरीत दिसला की हेतूबद्दल शंका उरत नाही. त्या मुद्दाम हरलेल्या मॅचमध्ये समोरच्यांना जे गुण मिळतात तेही त्यांच्या कामाचे नसतात. ते पेलवणार नाहीत अशा लॉबीत, म्हणजे मॅचला जमलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात, जाऊन पडतात आणि तिथे मार खातात.

पाच जणांच्या टीममध्ये सरासरीच फसवते. एक २००० चा आणि चार १००० चे असले तरी सरासरी १२०० येते आणि समोर पाचही जण १२०० चे बसवले जातात. कागदावर सामना बरोबरीचा, प्रत्यक्षात पाच जण एकाच माणसाकडून मरतात आणि त्याचे चार साथीदार बघत बसतात. त्या चौघांचंही नुकसान आहे. फुकटच्या विजयांवर ते वर चढतात आणि तो मोठा गडी ऑफलाइन गेला की घरंगळत खाली येतात.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमबद्दल मात्र वेगळं बोलावं लागतं, कारण आपल्याकडे सर्वाधिक पोरं तिथे आहेत आणि वरचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. तिथली टिअर, म्हणजे रँकची पायरी, दर सीझनला काही पायऱ्या खाली येते आणि पुन्हा पुश करावी लागते. त्यामुळे टिअरमध्ये कौशल्याइतकाच दिलेला वेळही मोजला जातो. बारावीच्या वर्षात रोज दोनच मॅच खेळणारा चांगला खेळाडू प्लॅटिनम या मधल्या टिअरवर राहिला, तर तो स्मर्फ नव्हे. दुसरं म्हणजे खालच्या टिअरच्या लॉबीत संगणकाने चालवलेले बॉट मोठ्या प्रमाणात भरलेले असतात. कोऱ्या आयडीवरून पंचवीस-तीस किल काढल्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत माणसं किती आणि बॉट किती हे पाहायला हवं. नाव साधं, पळणं सरळ रेषेत, गोळी लागली तरी आडोशाला न जाणं, ही बॉटची खूण. अशा व्हिडिओंवर भाळून लहान पोरं नवी आयडी काढायला शिकतात.

आयडी विकत घेणं हा उलटा प्रकार. रँक मोठी, हात कच्चा. पैसे घेऊन रँक पुश करून देणारेही आहेत. दोन्ही गोष्टी गेमच्या नियमांत निषिद्ध आहेत आणि त्यांवर चर्चेला फारशी जागा नाही.

सेकंड आयडीची जी कारणं सांगितली जातात त्यांतली दोन मला खरी वाटतात. एक, खालच्या रँकच्या मित्रासोबत खेळायचं असतं. दोन, नवी भूमिका शिकायची असते आणि तेवढ्यासाठी मेन आयडीची रँक घालवायची नसते. दोन्हींवर उपाय गेममध्येच आहे. वॅलोरंट या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेममध्ये दोघा-तिघांच्या गटाला रँकच्या अंतराची मर्यादा आहे, पण पाचही जण एकत्र आले तर कुठल्याही रँकचे मित्र चालतात. फरक मोठा असेल तर मिळणारे गुण कापले जातात, आणि तेच योग्य आहे. नवी भूमिका अनरेटेडमध्ये, म्हणजे रँक न मोजणाऱ्या मॅचमध्ये, शिकावी. बीजीएमआयमध्ये क्लासिकच्या अनरँक्ड मॅच आहेत, आपली आपण मॅच लावायला कस्टम रूम आहे. रँकवाल्या रांगेतच शिकायचा हट्ट असेल तर मेन आयडीचे थोडे गुण जाऊ द्यावेत. तो शिकण्याचा खर्च आहे आणि तो शिकणाऱ्याने सोसायचा; खालच्या पोरांच्या माथी मारायचा नाही.

कंपन्यांनी काहीच केलं नाही असं नाही. डोटा २ मध्ये रँकवाल्या मॅचसाठी फोन नंबर जोडण्याची अट २०१७ मध्ये आली. त्याच गेमच्या वॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ९०,००० स्मर्फ आयडी बंद केल्या आणि त्या कुणाच्या मेन आयडीशी जोडलेल्या आहेत ते शोधून पुढे मेन आयडीवरही कारवाई होईल असं जाहीर केलं. माझ्या मते ही दुसरी गोष्ट जास्त परिणामकारक आहे. कोरी आयडी फुकट मिळते, ती गेल्याचं दुःख नसतं. मेन आयडीत वर्षांची मेहनत आणि घेतलेले स्किन (बंदुकी-पोशाखांचं विकतचं रंगरूप) असतात. वॅलोरंटमध्ये स्पर्धात्मक मॅचआधी आयडी २० व्या पातळीपर्यंत न्यावी लागते, लीग ऑफ लेजंड्समध्ये ३० व्या. त्यामुळे नव्या आयडीला वेळ मोजावा लागतो. पण असा अडथळा वाढवला की तयार पातळीच्या आयडी विकणाऱ्यांचं दुकान चालतं, हेही तितकंच खरं.

कंपनीला आपल्याकडची परिस्थिती दिसत नाही ती वेगळीच. राजारामपुरीतल्या कॅफेत एका मशीनवर दिवसभरात दहा जण आपापल्या आयडीने बसतात. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या घरात दोन भावांत एक फोन असतो. मोबाइल डेटावर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. अशा वेळी ‘एक मशीन म्हणजे एक माणूस’ किंवा ‘एक आयपी म्हणजे एक माणूस’ असं धरून काढलेला निष्कर्ष निरपराध पोराला बाहेर काढतो. माणूस ओळखायचं काम इथे, समोरासमोर, जास्त चांगलं होऊ शकतं. म्हणूनच स्थानिक आयोजकांवर माझा भर आहे.

त्यांनी करायचं काय? नोंदणी नावावर घेऊ नये, आकडी आयडीवर घ्यावी. बीजीएमआयमध्ये रिनेम कार्डाने नाव बदलतं, कॅरॅक्टर आयडीचा आकडा बदलत नाही. रँकचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नये. तो पाच मिनिटांत बदलता येतो. चेक-इनच्या टेबलावर खेळाडूने स्वतःच्या फोनवर किंवा कॅफेच्या मशीनवर लॉगिन करून प्रोफाइल उघडून दाखवावं, आणि आयोजकाने तो आकडा नोंदणीशी ताडून पाहावा. एका खेळाडूला दोन मिनिटं लागतात. चार-चार जणांचे १६ स्क्वॉड म्हणजे ६४ जण. दोन टेबलं मांडली तर तासाभराचं काम. बहुतेक ठिकाणी ते वेळेअभावी सोडून देतात आणि मग उपांत्य फेरीत भांडणं लागतात.

गट पाडताना चालू रँक बघू नये, कारण ती खाली आणता येते. मागच्या तीन सीझनमधली सर्वोच्च रँक धरावी, आणि ती ‘स्वतःच्या कुठल्याही आयडीवरची’ असं नियमात स्पष्ट लिहावं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने मुद्दाम हरून खालच्या गटाची बक्षिसं मारणाऱ्यांवर हाच उपाय केला. खेळाडूच्या सर्वोच्च रेटिंगमधून २०० वजा करून खालच्या शंभरावर एक तळ ठरवतात, आणि त्याखाली त्याचं रेटिंग जातच नाही. १९४१ पर्यंत पोचलेला माणूस १७०० च्या खाली येऊ शकत नाही. आपल्या स्पर्धेत इतकं गणित नको. जो एकदा बीजीएमआयमधल्या क्राउन या वरच्या टिअरला पोचला तो नवोदित गटात नाही, एवढा नियम पुरतो. त्यासोबत खेळाडूची सही असलेलं एका ओळीचं निवेदन घ्यावं, की याहून वरच्या रँकची दुसरी आयडी माझ्याकडे नाही. खोटं निघालं तर अख्खी टीम बाद. टीमवर जबाबदारी आली की साथीदारच एकमेकांना आवरतात.

नवोदित गटाचं बक्षीस लहान ठेवावं, हे मी आग्रहाने सांगेन. खुल्या गटाला २०,००० आणि नवोदितांना १५,००० असं ठेवलं की आयोजकानेच स्मर्फला आमंत्रण दिलं. नवोदितांना ट्रॉफी, टी-शर्ट, एखादा हेडफोन द्या, आणि विजेत्या टीमला पुढच्या वर्षी खुल्या गटात थेट प्रवेश द्या. रक्कम प्रायोजकाकडून किंवा मंडळाच्या निधीतून यावी. प्रवेश शुल्क गोळा करून तेच विजेत्यांत वाटण्याची पद्धत सोडावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. त्या दोन्हींमधली रेघ पुसट होईल असं काही स्थानिक आयोजकाने करू नये.

ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान हवा असेल तर खेळाची शिस्तही घ्यावी लागेल. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. त्याच्या पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. सगळ्या देशाला हळहळ वाटली, पण गटाची मर्यादा हलली नाही.

तक्रारीची पद्धत आधीच ठरलेली हवी, कारण चांगलं खेळणाऱ्या प्रत्येकावर स्मर्फचा शिक्का मारायची सवयही तितकीच वाईट. काउंटर-स्ट्राइक या तशाच नेमबाजीच्या गेममधून वॅलोरंटमध्ये आलेल्या मुलाची आयडी नवी असते आणि नेम पक्का असतो; त्याने काहीही लपवलेलं नसतं. म्हणून नुसत्या किलच्या आकड्यावर कुणाला काढू नये. मॅच संपल्यापासून १५ मिनिटांत लेखी तक्रार, सोबत कुठल्या आयडीबद्दल आणि कशावरून हे लिहिलेलं. मग आयोजकाने त्या खेळाडूची मॅच हिस्टरी त्याच्यासमोर उघडावी. खेळलेल्या एकूण मॅच, त्यांतले लागोपाठचे संशयास्पद पराभव, आयडी सुरू झाल्याची वेळ आणि फ्रेंड लिस्टमध्ये कोण आहे, एवढं बघितलं तरी बहुतेक प्रकरणं उलगडतात. निर्णय दोघांनी घ्यावा, आणि त्यांतला एक तरी भाग घेतलेल्या कुठल्याही टीमच्या पेठेतला नसावा.

एक गोष्ट मात्र करू नये. ओळख पटवायची म्हणून पोरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आधारकार्डाचे फोटो मागवू नयेत. ते कुणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. कॉलेजचं ओळखपत्र टेबलावर दाखवून परत घेतलं तरी काम होतं. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची सही आणि एक फोन कॉल पुरतो. बक्षिसाची रक्कम अंतिम सामन्यानंतर २४ तास हातात ठेवावी, त्या दिवशी फक्त ट्रॉफी द्यावी. खोटी आयडी बहुतेक वेळा याच २४ तासांत उघडकीला येते, कारण हरलेल्या टीममधलं कुणीतरी जिंकणाऱ्याचे जुने व्हिडिओ शोधत बसलेलं असतं. पैसे एकदा वाटले गेले की ते परत मागायला कुठलाही आयोजक दारात जात नाही.